बोर्डाचं अंथरूण पाहून

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सीपीयू म्हातारा झालाय, बदलून टाकू का?" आणि मला हसूच आलं. तू बोलत होतीस टेबलाखालच्या त्या काळ्या डब्याबद्दल. आपल्याकडे सगळेच त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, बाबाही तेच म्हणायचे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्यात पंख्याखाली दडलेला असतो, मारी बिस्किटापेक्षाही लहान. डबा बदलायचा तर तुझी अख्ख्या लग्नसराईची कमाई जाईल. तेवढा तुकडा बदलायचा तर फार खड्डा पडणार नाही. पण तोही बदलायची खरंच गरज आहे का, ते आधी बघू.

आळ घेण्याआधी खातरजमा करावी, माणसावरही आणि प्रोसेसरवरही. तू बनवतेस त्यातल्या एखाद्या लग्नपत्रिकेचा व्हिडिओ एक्सपोर्टला लाव आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतील. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि सीपीयू तिशीत रेंगाळत असेल तर बिचाऱ्या प्रोसेसरचा काही दोष नाही, तुझी जुनी हार्ड डिस्क दमलीय. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम कमी पडतेय. आणि सीपीयूच शंभरावर चिकटून बसला असेल, तरच पुढचं वाच. त्या व्हिडिओला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोज आणि आकडा कागदावर लिहून डब्याला चिकटव. तो कागद शेवटी लागणार आहे.

बाबांनी २०१२ साली आपल्या दोघींना एकाच दुकानातून सारखीच मशीनं असेंबल करून दिली होती, आठवतंय? एच ६१चा मदरबोर्ड आणि त्यावर आय थ्री-२१००. दोन कोअरचा प्रोसेसर, त्या वेळी आपल्याला केवढं कौतुक होतं त्याचं! आता प्रोसेसरचं कसं असतं, की ते बांगडीच्या मापासारखं आहे. आपल्या बोर्डाचं माप एलजीए ११५५. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे इंटेल त्यात बसतात. २०१३ साली चौथी पिढी आली ती ११५० मापाची. आकड्यात पाचाचाच फरक, म्हणून बसेल असं समजू नकोस, खाचाच जुळत नाहीत. पुढे ११५१ मध्ये तर आणखी गंमत केली. सहावी-सातवी आणि आठवी-नववी, माप एकच, पण सहावी-सातवीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर बसूनही चालत नाही. म्हणून दुकानात "आय फाइव्ह द्या" एवढंच म्हणू नकोस. आय फाइव्ह हे आडनाव झालं, आपल्याला पूर्ण नाव हवं. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो बोर्डाचं नाव, मॉडेल, सगळं दाखवतो. ते लिहून घे, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, तिच्यात नाव सापडलं तरच खरेदी.

आपल्या बोर्डासाठी मी सुचवीन आय फाइव्ह-३४७०. खरेखुरे चार कोअर, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली तर ३.६ पर्यंत जातो. जुन्या आय थ्रीला ६५ वॉट लागायचे, याला ७७. फक्त बारा वॉटचा फरक, म्हणजे एसएमपीएस धडधाकट असेल तर तोही बदलायला नको. याच मापात त्याहून वरचा म्हणजे आय सेव्हन-३७७०, आठ थ्रेडचा. स्वस्तात मिळाला तर जरूर घे, पण त्याच्या हट्टापायी एसएसडीसाठी ठेवायचे पैसे खर्च करू नकोस, तिच्याबद्दल पुढे सांगते. नावाच्या शेवटी 'के' असलेल्यासाठी जास्त मोजू नकोस, त्याचा वेग वाढवायची सोय आपल्या एच ६१वर नाही. आणि कुणी "मॅडम, झिऑन घ्या, आय सेव्हनच्या तोडीचा" म्हणालं, तर त्यात ग्राफिक्स आहे का ते आधी विचार. बऱ्याच झिऑनमध्ये ते नसतं, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तुझा मॉनिटर काळाच राहील.

आता माझी फजिती ऐक. कुणाला सांगू नकोस. लॅमिंग्टन रोडवरून मी सेकंडहँड ३४७० आणला, टेस्टिंग वॉरंटीसकट. घरी येऊन बसवला, बटण दाबलं. पंखा गरगर फिरतोय आणि स्क्रीन काळी ठिक्कर. दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात गेले. त्या माणसाने शांतपणे तोच प्रोसेसर त्याच्या बोर्डावर लावला, आणि चालू झाला की! मग त्याने विचारलं, "ताई, बायोस अपडेट केलं होतं का?" बायोस म्हणजे बोर्डाच्या पोटातला मूळ प्रोग्राम. आपला बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातला. तिसरी पिढी ओळखायला त्याला नवं बायोस लागतं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच घालावं लागतं. घरी आले, मुकाट्याने जुना आय थ्री परत बसवला, बायोस घातलं, मग नवा लावला. पहिल्या फटक्यात चालू. तेव्हा तू आधी बायोस कर आणि मगच डबा उघड. आणि हो, ते करताना यूपीएस लावच. मध्येच लाइट गेली तर बोर्डच हातचा जायचा.

डबा उघडलास की बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी बघ. फुगलेली किंवा गळलेली दिसली तर तिथेच थांब, त्या बोर्डावर एक रुपयाही घालू नकोस. सगळं सपाट असेल तर पुढे. आधी भिंतीवरची वायर काढ. पंख्याच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात. तो निघाला की धूळ काढ आणि इतक्या वर्षांत वाळून खडू झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. दांडी उचलायची, जुना काढायचा, नव्याचा सोनेरी त्रिकोण आणि बाजूच्या खाचा जुळवून अलगद ठेवायचा. ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, दाबायचा नाही! खाली बोर्डावर केसाएवढ्या पिना असतात, त्यातली एक वाकली तरी सगळं मुसळ केरात. मग पेस्टचा मुगाएवढा ठिपका मधोमध. पुरणपोळीवर तूप थापतात तशी थापू नकोस, वरचा हीटसिंक आपोआप पसरवतो. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाब, कट्ट आवाज आला पाहिजे. पंख्याची वायर जोडायला विसरू नकोस. त्याच बैठकीत बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही बदल, सीआर २०३२ माग. दर सकाळी तारीख मागे जाते म्हणून तू कटकट करतेस ना, ते त्याच्यामुळेच.

पैशांचा क्रम विचारशील तर एसएसडी पहिली, आठ जीबी रॅम दुसरी, प्रोसेसर तिसरा. एच ६१वर एसएसडी पूर्ण वेगाने धावत नाही, तरी जुन्या हार्ड डिस्कपुढे ती वारं प्यायलेल्या वासरासारखीच वाटेल. रॅम घेताना डीडीआर थ्रीच माग, आणि एक आठची घेण्यापेक्षा चारच्या दोन लाव, दोन्ही खाचांतून मिळून काम वेगात होतं.

आणि ताई म्हणून एक कडू गोष्टही सांगते. हे मशीन कितीही सजवलंस तरी विंडोज ११ त्याला रीतसर आपलं म्हणणार नाही, मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या खालचे इंटेल त्यांच्या यादीतच नाहीत. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून बँकेचं, जीएसटीचं काम या मशीनवर नको. व्हिडिओचे काही नवे प्रोग्राम एव्हीएक्स-२ मागतात, ते आपल्या तिसऱ्या पिढीत नाहीच, त्यामुळे तुझं आत्ताचं चालतं व्हर्जन जपून ठेव. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, इथे अंथरूण तुझ्या पाकिटाचं नाही, बोर्डाचं आहे. पाकिटात उद्या चार पैसे जास्त आले तरी ते लांब होणार नाही. म्हणून हा खर्च या डब्यावरचा शेवटचा. यानंतरचे पैसे वेगळ्या आरडीत टाक, नव्या मशीनसाठी.

काढलेला आय थ्री मात्र भंगारात देऊ नकोस. नवा रुसला तर पहिल्यांदा तोच लावून बघावा लागतो, माझा अजून कपाटात आहे. सगळं झालं की तोच व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्टला लाव आणि डब्यावरच्या कागदावर, पहिल्या आकड्याखाली दुसरा आकडा लिही. त्या कागदाचा फोटो मला पाठव. फरक नसेल तर शिव्या मला घाल, त्या दुकानदाराला नको. त्याला माझ्या एकदा घालून झाल्यात.