पेगी ॲशक्रॉफ्ट : वाणीपासून मौनापर्यंत

भारतीय प्रेक्षकांना पेगी ॲशक्रॉफ्ट (१९०७–१९९१) यांचे नाव मुख्यत्वे वार्धक्यातील दोन भूमिकांमुळे परिचित झाले : पॉल स्कॉट यांच्या कादंबरी-चतुष्टयावरील ‘द ज्युवेल इन द क्राउन’ (१९८४) या दूरचित्रवाणी-मालिकेतील बार्बी बॅचलर आणि डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) या चित्रपटातील मिसेस मूर. या दुसऱ्या भूमिकेबद्दल त्यांना वयाच्या ७७व्या वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. परंतु त्यांची खरी कर्मभूमी रंगमंच हीच होती, आणि तिचा विचार केल्यावाचून या भूमिकांचे मर्म कळत नाही.

१९२६ साली बर्मिंगहॅम येथे त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात पॉल रोब्सन यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना झाल्या. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी वाचकाला हे कथानक अपरिचित नाही, मात्र येथे नायक कृष्णवर्णीय नटच असल्याने नाटकातील वर्णसंघर्ष नाट्यगृहाबाहेरही जाणवला. पुढे १९३५ मधील ज्यूलिएट, १९५४ मधील हेडा गाबलर, १९५६ मधील ब्रेख्तच्या नाटकातील शेन ते अशा भूमिकांतून त्यांची वाणी सिद्ध होत गेली. १९६३ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या नाट्यमालेत त्यांनी राणी मार्गारेट तारुण्यापासून जराजर्जर अवस्थेपर्यंत उभी केली. अखेरीस मार्गारेटजवळ ना सत्ता उरते, ना पुत्र. उरते ती केवळ शापवाणी.

भारतविषयक दोन्ही भूमिकांत नेमकी हीच वाणी लोपते. निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी अखंड बोलणारी; पण अखेर ती मौनात जाते. मशिदीत अझीझशी सहज स्नेह जोडणारी मिसेस मूर गुहेतील प्रतिध्वनीनंतर अंतर्मुख होते आणि त्याच्यासाठी साक्ष न देताच स्वदेशी निघते.

१९८४ सालीच सलमान रश्दी यांनी अशा कलाकृतींतील साम्राज्यविषयक स्मरणरंजनावर कठोर टीका केली होती. सत्प्रवृत्त इंग्रज वृद्धेच्या चित्रणामुळे राजसत्तेचा अपराध सौम्य भासतो काय, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. कथानकाच्या पातळीवर तो धोका निश्चितच आहे. तथापि ॲशक्रॉफ्ट यांचा अभिनय प्रेक्षकाला असे समाधान लाभू देत नाही. त्यांच्या मिसेस मूरचा थकवा, त्रासिकपणा आणि अलिप्तता यांतून व्यक्तिगत सद्भावनेची मर्यादाच प्रकट होते. ती सज्जन आहे. परंतु तिचे सौजन्य अझीझला कारावासापासून वाचवीत नाही.

शब्दावर प्रभुत्व असलेल्या नटाचेच मौन अर्थपूर्ण ठरते. म्हणूनच या दोन भूमिका म्हणजे दीर्घ कारकिर्दीची केवळ पुरवणी नव्हे, तर तिची परिणती होय.