पाणी का तापेना?

आपल्या आजीच्या काळी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असायचा. त्यातला बिघाड म्हणजे लाकडं ओली, नाहीतर तोटी गळकी. बंब गेला, गिझर आला आणि पाण्याच्या शेजारी वीज आली. आपण परीक्षेत ट्रान्सफॉर्मरची एफिशियन्सी दशांश चिन्हापुढे दोन घरं काढतो, पण गिझर थंड पडला की सगळ्यांचं निदान एकच : "कॉइल गेली!" मग कॉइल बदलायची, पैसे मोजायचे आणि नंतर कळतं की खरा दोष प्लगमध्ये होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तो हा असा!

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दोन्ही उन्हाळी सुट्ट्यांत आमच्या गावच्या एका वायरमन काकांच्या हाताखाली काम केलं. काकांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण बिघाड शोधण्याची त्यांची पद्धत एखाद्या अल्गोरिदमसारखी पक्की. ते तीनच प्रश्न विचारतात. वीज येते का? ती एलिमेंटपर्यंत पोचते का? आणि जिथे जायला नको तिथे जाते का? हे तीन प्रश्न याच क्रमाने समजून घेऊ.

आधी ओळख

साध्या स्टोरेज गिझरमध्ये विजेची वाट अशी असते : १६ अँपियरचं सॉकेट, प्लग, थर्मल कट-आउट, थर्मोस्टॅट, एलिमेंट आणि परत न्यूट्रल. कंपनीनुसार क्रम थोडा बदलतो, पण सगळे भाग एकामागे एक, सिरीजमध्ये. एक तुटला की सगळंच बंद.

थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो आणि पाणी निवलं की पुन्हा जोडतो. त्याचा काँटॅक्ट चिकटून बसला तर पाणी तापतच राहील, म्हणून त्याच्यावर दुसरा पहारेकरी म्हणजे कट-आउट. एलिमेंट म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली नायक्रोमची तार. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. सगळी सुरक्षितता या भुकटीच्या कोरडेपणावर उभी आहे, हे लक्षात ठेवा.

आता आकडे. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपियर घेतो. म्हणजे एलिमेंटचा रेझिस्टन्स सुमारे २६.५ ओहम. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला २५ × ४.२ × ३५ = ३६७५ किलोज्यूल लागतात, म्हणजे अर्धा तास. व्होल्टेज २०० वर आलं तर पॉवर वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे १५०० वॅट होते आणि तेच पाणी चाळीस मिनिटं घेतं. तेव्हा "उशिरा तापतं" ही तक्रार दरवेळी बिघाडाचीच नसते. आधी घड्याळ लावा, व्होल्टेज बघा.

बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षारांची पुटं चढतात, त्याबद्दलही एक गैरसमज आहे. पुटं चढली तरी एलिमेंट तेवढीच वीज घेतो आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फरक असा की ती बाहेर पडायला नळीला जास्त तापावं लागतं. परिणामी पाणी फारसं उशिरा तापत नाही, पण नळीला लवकर तडा जातो.

पहिला प्रश्न : वीज येते का?

इथे टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजला टेस्टर लावला की दिवा लागतो आणि आपण म्हणतो, "वीज तर आहे!" मीटर लावून तीन मोजमापं घ्यायची. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ फार तर दोनचार व्होल्ट. हे मोजमाप चालू विजेवरचं आहे, म्हणून ते माहितगार माणसानेच करायचं.

मग प्लगची पिन पाहायची. काळी पडली असेल तर निम्मं निदान झालं. सैल पिनेचा काँटॅक्ट रेझिस्टन्स नुसता ०.२ ओहम धरा. ८.७ चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे १५ वॅट. सोल्डरिंग आयर्नच्या जवळपासची ही उष्णता रोज सकाळी एका पिनेत! एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. प्लग बदलताना सॉकेटही बदला. सॉकेटची पट्टी तापून ढिली झालेली असते, ती नवा प्लगही जाळते.

दुसरा प्रश्न : एलिमेंटपर्यंत पोचते का?

आता स्विच बंद, प्लग बाहेर आणि मगच झाकण उघडायचं. एलिमेंटची एक वायर सोडवून दोन्ही टोकांत मीटर लावा. २६ च्या आसपास आलं तर कॉइल ठणठणीत. इन्फिनिटी आलं तर मात्र खरोखरच गेली. पाणी थंड असताना थर्मोस्टॅट आणि कट-आउट यांच्यावर जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत.

बऱ्याच मॉडेलमध्ये तापतानाचा छोटा दिवा एलिमेंटला पॅरलल असतो. दिवा लागतो पण पाणी थंड, तर एलिमेंट तुटलेला. दिवाच लागत नाही, तर दोष त्याच्या आधी कुठेतरी. झाकण न उघडता एवढं कळतं.

कट-आउट उघडलेलं सापडलं तर काही गिझरमध्ये बारीक बटण दाबून ते परत बसवता येतं. पण काका बटण दाबण्याआधी म्हणतात, "हा उगाच उठलेला नाही. याला कोणी उठवलं ते बघ." बहुतेक वेळा थर्मोस्टॅट चिकटलेला असतो. नुसतं बटण दाबून निघून जाणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोराला मोकळं सोडणं.

तिसरा प्रश्न : नको तिथे जाते का?

हा प्रश्न पाण्याच्या तापण्याचा नाही, आपल्या जिवाचा आहे. एका घरी आम्हाला बोलावलं होतं. आरसीसीबी सारखा पडत होता आणि गंमत म्हणजे गिझरचा स्विच बंद असतानाही पडत होता. घरचे म्हणाले, "गिझर तर बंद आहे, म्हणजे आरसीसीबीच खराब. तो काढून थेट जोडून द्या, सकाळी मुलीची बारावीची परीक्षा आहे." काकांनी गिझरचा प्लग उपसला. आरसीसीबी टिकला. प्लग परत घातला, स्विच बंदच ठेवला आणि फ्रीज चालू केला. आरसीसीबी पडला!

कारण सोपं आहे. साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. मीटरवर एलिमेंट २६ ओहम, म्हणजे अगदी निरोगी. पण न्यूट्रलकडचं टोक आणि टाकीची बॉडी यांच्यात ४० ओहम! नळीला तडा जाऊन भुकटीत पाणी शिरलं होतं. फ्रीज चालू झाला की न्यूट्रल अर्थपेक्षा दोनेक व्होल्ट वर जाते. २ भागिले ४० म्हणजे ५० मिलीअँपियर आणि आरसीसीबी ३० चा. त्याने आपलं काम चोख केलं होतं. (ओल नुकतीच शिरली असेल तर साध्या मीटरला ती दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर हवा.)

काकांनी थेट जोडायला साफ नकार दिला. "ताई, पातेल्यात पाणी तापवा, पोरगी वेळेवर जाईल." गिझरचा प्लग काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एलिमेंट बदलला.

थेट जोडलं असतं तर? दुसरा तडा फेजच्या बाजूला जाऊन तिथली तार नळीला टेकली असं समजा आणि घराच्या अर्थचा रेझिस्टन्स १० ओहम धरा. प्रवाह २३ अँपियर. १६ अँपियरच्या एमसीबीने १.४५ पट प्रवाहाला एका तासाच्या आत पडावं, एवढीच मानकाची अट आहे आणि २३ हे जेमतेम तेवढंच. म्हणजे तोवर टाकी, लोखंडी पाइप आणि नळ यांच्यावर जवळजवळ २३० व्होल्ट. ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीला मात्र मानक ०.३ सेकंदापेक्षा जास्त वेळ देत नाही. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

आणि आपला रॉड!

होस्टेलवर हा लेख वाचून "आमच्याकडे कुठे गिझर?" म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. बादलीतला रॉडही तीच नळी, तीच भुकटी. त्यातून प्लग तोडून दोनच वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात, म्हणजे अर्थ नाहीच. प्लॅस्टिकच्या बादलीतून गळत्या विजेला जमिनीकडे वाट नसते, म्हणून आरसीसीबी गप्प बसतो. पहिली वाट मिळते ती पाणी तापलं का बघायला घातलेल्या हातातून. तेव्हा तीन पिनांचा प्लग हवाच आणि प्लग सॉकेटबाहेर काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही.

शेवटी एक विनंती. होस्टेलचा गिझर आपण स्वतः उघडायचा नाही, ते वायरमनचं काम. पण तक्रारवहीत "गिझर बंद, लवकर दुरुस्त करावा" एवढंच लिहून थांबू नका. दिवा लागतो की नाही, एमसीबी पडतो की आरसीसीबी, स्विच चालू असताना की बंद असतानाही, प्लग गरम लागतो का, हे लिहा. या चार ओळींत तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं असतात. वायरमन योग्य सामान घेऊन एकाच फेरीत येईल आणि आरसीसीबी काढून टाकायची कल्पना कोणाच्या डोक्यातही येणार नाही.