शेवट ठाऊक असूनही



इंग्लंडच्या इतिहासात १८११ ते १८२० हा 'रीजन्सी' काळ. राजा आजारी असल्याने कारभार युवराज पाहत होता. जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. त्याच काळात, एप्रिल १८१९ मध्ये, आपला असीरगड इंग्रजांच्या हाती गेला. ते राज्य गेले, पण एलिझाबेथ आणि डार्सी यांची कथा लोक आजही वाचतात.

मराठीत अशीच माया रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ला (१९६२) लाभली. इंग्रजी कथेचा शेवट लग्नात होतो; माधवराव-रमाबाईंच्या संसाराचा १७७२ मध्ये, थेऊरला, मृत्यूत. शेवट ठाऊक असूनही वाचक परत येतो. माणसे एकमेकांशी कशी बोलतात, रुसतात, जपतात, हे त्याला पाहायचे असते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी घरात बोलण्यापुरतीच होती. ती वाचायची गोडी मला 'स्वामी'ने लावली. मुलांची मराठीही बोलण्यापुरती राहू नये, म्हणून हा पाठ.

लक्षात ठेवा: तारखा इतिहासाच्या, संवाद लेखकाचे.

अभ्यास: घरातील मोठ्यांना विचारा, कोणती कादंबरी दोनदा वाचली आणि का? उत्तर दहा ओळींत, मराठीतच लिहा. पालकांनी रोज एक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे.