ट्रेलर शिकायचा आहे, कुठे शिकू?

प्रश्न : माझं वय २३, राहतो उरणला. कारचं लायसन्स दोन वर्षं झाली. न्हावाशेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा विचार आहे. स्कूलची फी भरावी, की ओळखीच्या ड्रायव्हरसोबत क्लीनर म्हणून फिरून शिकावं?

उत्तर : आधी स्कूल. वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं, या दोन्ही अटींत तुम्ही बसता. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. पण ट्रेनिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र (फॉर्म ५) लागतंच. अधिकृत मान्यता असलेल्या केंद्रात अवजड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत होतो.

एवढ्यात हात बसत नाही, हे मनाशी धरून चाला. खरा कस रिव्हर्सला. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे, आणि ट्रेलर वळू लागला की लगेच डावीकडे घेत त्याच्या मागे जायचं. उशीर झाला की गाडी मधोमध दुमडते. वळणावर मागची चाकं आतून कापत जातात आणि नेमका तिथेच दुचाकीवाला असतो. आरशातली नजर काढू नका. रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर घसरतो. घाट उतरताना गिअर आधीच खाली घ्या, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

लायसन्सनंतर अनुभवी ड्रायव्हरसोबत काही महिने जरूर काढा. फी भरण्याआधी मात्र एक विचाराच : सरावाला जोडट्रेलर मिळणार, की साधा ट्रक? ट्रकच असेल तर दुसरं स्कूल शोधा.