पांढरे केस आणि ईमानधारकाचे तेज

सूरह मरयमच्या प्रारंभीच ह. जकरिया (अ.) यांची प्रार्थना आली आहे. आपल्या पालनकर्त्याला हळू आवाजात हाक मारताना ते प्रथम स्वतःची अवस्था मांडतात: हाडे अशक्त झाली आहेत आणि मस्तक पांढरेपणाने पेटून उठले आहे. मूळ अरबीत येथे जे क्रियापद आले आहे, ते विस्तव भडकण्यासाठी वापरले जाते. आग एका ठिकाणी लागते, पाहता पाहता सर्वत्र पसरते आणि मग मागे फिरवता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही उपमा उलगडून सांगण्याची गरज नाही. पानगळ झालेल्या जंगलात मोहफुले वेचता यावीत म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, आणि रात्री समोरच्या डोंगरावर जाळाची रेघ पुढे पुढे सरकताना दिसते. वन खाते त्यासाठी उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा आखून ठेवते. केसांतल्या या वणव्याला मात्र जाळरेषा नाही. तो बहुधा कानशिलापासून सुरू होतो आणि भांगापर्यंत पोहोचतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ह. जकरिया (अ.) यांनी हे गाऱ्हाणे म्हणून मांडलेले नाही. आपण अल्लाहला हाक मारून कधीही निराश झालो नाही, असे ते लगेच पुढे म्हणतात आणि मग अपत्य मागतात. पिकलेले केस त्यांनी झाकले नाहीत. मागण्याच्या वेळी तेच पुढे केले.

अलीकडे चंद्रपुरातील महिलांच्या एका दर्सनंतर एका भगिनीने जो प्रश्न विचारला, त्यामुळे हा विषय येथे घेत आहे. त्यांचे वय बावन्न. पंधरा-सोळा वर्षे दर तीन आठवड्यांनी केस काळे करण्याचा परिपाठ. आता हे थांबवावे, असे त्यांना मनापासून वाटते. पती या बाबतीत काही बोलत नाहीत. नणंदा आणि जावा मात्र म्हणतात, मुलीसाठी स्थळे पाहणे चालू आहे, निदान निकाह होईपर्यंत तरी काळे ठेव, पाहुण्यांना वाटेल आई म्हातारी आहे, घरात कोणी करणारे नाही. इतके असते तर त्यांनी ते मनावर घेतले नसते. पण मुलाने एक हदीस ऐकवली, की प्रेषितांनी (स.) केसांचा पांढरेपणा बदलण्याची आज्ञा दिली आहे, मग अम्मी, तुम्ही सुन्नत का सोडता? या वाक्याने त्या अडखळल्या. लोक काय म्हणतील याची भीती बाजूला ठेवता येते. सुन्नत सुटेल ही भीती ईमानधारक स्त्रीला बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये.

मुलाने सांगितलेली हदीस खरी आहे. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या निवेदनानुसार यहुदी व ख्रिस्ती केस रंगवत नाहीत, तुम्ही त्यांच्याहून वेगळे वागा, अशा आशयाची ती आहे आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. दुसरी घटना मक्का विजयाच्या दिवसाची, हिजरी सन ८ ची. ह. अबू बक्र (रजि.) आपल्या वृद्ध पित्याला, अबू कुहाफा यांना, घेऊन आले. त्यांची दृष्टी गेली होती. प्रेषित (स.) प्रथम म्हणाले की, या वयोवृद्धांना घरीच राहू द्यायचे होते, मीच त्यांच्याकडे गेलो असतो. त्यांचे डोके आणि दाढी ‘सगामा’ या पांढऱ्या फुलांच्या डोंगरी वनस्पतीसारखी शुभ्र झाली होती. पावसाळा सरताना वैनगंगेच्या काठी काशाचे तुरे फुलतात, ते डोळ्यांपुढे आणावेत. मग प्रेषितांनी (स.) सांगितले की, हा रंग कशाने तरी बदला, मात्र काळ्यापासून दूर राहा. आपल्याकडे या घटनेतील रंगाचा आदेश तेवढा सांगितला जातो. त्याआधीचे वाक्य, ज्यात विजेता सेनानी एका म्हाताऱ्याच्या दारी जाण्याची तयारी दाखवतो, ते क्वचितच कोणाच्या लक्षात राहते.

आता दुसरी बाजू. पांढरा केस उपटू नका, ते मुसलमानाचे तेज आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. ज्याचा एक केस इस्लाममध्ये राहून पिकला, त्याला कियामतच्या दिवशी त्याचा प्रकाश लाभेल, त्यामुळे त्याच्या नावे एक पुण्य लिहिले जाईल आणि एक पाप पुसले जाईल, असे या निवेदनांचे सार आहे. (नातवंडांना समोर बसवून, एका केसामागे एक रुपया ठरवून, पांढरे केस उपटून घेण्याची जी हौस अनेक घरांत आहे, ती या हदीसनुसार सोडण्यासारखी आहे.) इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये सईद बिन मुसय्यब (रह.) यांचे कथन आहे की, मानवांत सर्वप्रथम पांढरा केस ह. इब्राहीम (अ.) यांनी पाहिला. त्यांनी हे काय, असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की हा वकार, म्हणजे प्रतिष्ठा व भारदस्तपणा आहे. त्यावर त्यांनी तो वाढवून मागितला.

मग हे दोन्ही एकत्र कसे? एकीकडे बदलण्याचा आदेश, दुसरीकडे तेज म्हणून जपण्याची सूचना. सहाबांचे आचरण पाहिले की गाठ सुटते. ह. अनस (रजि.) सांगतात की, निधनाच्या वेळी प्रेषितांच्या (स.) डोक्यात आणि दाढीत मिळून वीस केसही पांढरे नव्हते, रंगवण्याची वेळच आली नव्हती. उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडे जपलेले प्रेषितांचे (स.) केस तांबूस होते. तो रंग खिजाबाचा की सुगंधी द्रव्याचा, याबाबत विद्वानांत मतभेद आहे. ह. अबू बक्र (रजि.) मेहंदी आणि कतम एकत्र करून लावत, ह. उमर (रजि.) नुसती मेहंदी लावत. याउलट ह. अली, उबई बिन कअब आणि सलमा बिन अक्वा (रजि.) यांनी केस पांढरेच ठेवले, अशी निवेदने आहेत. इमाम तबरी (रह.) यांचे मत इमाम नववींनी (रह.) उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा की, दोन्ही प्रकारच्या हदीस ग्राह्य आहेत, बदलण्याचा आदेश अबू कुहाफांसारख्या पूर्ण पांढऱ्या केसांसाठी आहे, आणि हा आदेश व तो मनाई यांपैकी काहीही सक्तीचे नाही, यावर सर्वांचे एकमत आहे. म्हणूनच सहाबांनी या बाबतीत एकमेकांना दोष दिला नाही.

‘मुवत्ता’मधील आणखी एक प्रसंग या प्रश्नासाठी मोलाचा आहे. अब्दुर्रहमान बिन अस्वद यांचे केस-दाढी पांढरी होती. एके दिवशी ते लाल रंग लावून आले. लोकांनी वाखाणले, तेव्हा त्यांनी सांगितले की, माझ्या मातेसमान असलेल्या ह. आयेशा (रजि.) यांनी दासीकरवी निरोप पाठवून रंगवण्याचा आग्रह केला आणि आपले पिता अबू बक्र (रजि.) रंगवत असत, असे कळवले. यावर इमाम मालिक (रह.) टिप्पणी करतात की, प्रेषित (स.) स्वतः रंगवत असते तर आयेशांनी (रजि.) पित्याचा नव्हे, प्रेषितांचाच (स.) दाखला दिला असता. आणि पुढे ते म्हणतात की, रंगवणे पूर्णपणे सोडून देण्यास मोकळीक आहे, लोकांवर त्याबाबत कसलीही अडचण नाही. मुलाला त्या भगिनीने हेच सांगावे: बेटा, मेहंदी लावणे सुन्नतशी जुळणारे आहे, आणि न लावणे हेही सहाबांच्याच वाटेवरचे आहे. मात्र हेही विचारावे की, इतकी वर्षे मी काळा रंग लावत होते, तेव्हा तुला हदीसचा उत्तरार्ध का आठवला नाही?

काळ्या रंगाबद्दल थोडे. शाफई पंथात इमाम नववींनी (रह.) तो निषिद्ध मानला आहे. कोकणातील वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. विदर्भातील मुस्लिम बहुतांश हनफी आहेत. हनफी विद्वानांच्या मते तो मकरूह आहे, मात्र इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी पती-पत्नीच्या परस्पर शोभेसाठी त्याला सवलत दिली. त्यांचे म्हणणे असे की, पत्नीने नटावे हे जसे मला आवडते, तसे मी नटावे हे तिलाही आवडते. ह. हुसैन (रजि.) यांच्या केसांना वस्मा लावलेला होता, हे बुखारीत आहेच. म्हणून जी भगिनी आज काळा रंग लावते, तिच्याकडे बोट दाखवणे आपले काम नाही. मतभेदाला जागा असलेल्या बाबतीत दर्सच्या सतरंजीवर बसून इतरांच्या भांगाकडे पाहणाऱ्यांनी सहाबांचा संयम शिकावा.

परंतु एका ठिकाणी कोणाचाही मतभेद नाही, आणि ते म्हणजे फसवणूक. निकाह ठरवताना वर किंवा वधूचे वय लपवण्यासाठी केस काळे करणे हा धोका आहे, आणि जो फसवतो तो आमच्यापैकी नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. त्या भगिनीच्या घरी गोष्ट याहून विचित्र आहे. तेथे मुलीचे नव्हे, आईचे वय लपवायचे आहे. ज्या घरात आईचे पांढरे केस ही उणीव ठरते, त्या घरात मुलगी देण्यापूर्वी खरे तर मुलीच्या बाजूनेच चौकशी करावी. तीसेक वर्षांनी तिचेही केस तेथेच पिकणार आहेत.

येथे मनातली एक खंतही नमूद करतो. नागपूरहून हजला गेलेले आपले बंधू तेथे मुंडण करून परततात, नंतर उगवलेले पांढरे केस तसेच ठेवतात, आणि सारा मोहल्ला त्यांना आदराने ‘हाजी साहेब’ म्हणतो. त्याच प्रवासातून परतलेल्या त्यांच्या पत्नीने केस रंगवणे सोडले, तर पहिल्याच लग्नात बायका विचारतात, तब्येत ठीक नाही का? हदीसमध्ये इस्लाममध्ये केस पिकणाऱ्याला प्रकाशाचे वचन आहे, त्यात पुरुषाची अट कोठेही नाही. पुरुषासाठी वकार आणि स्त्रीसाठी दैन्य, ही वाटणी आपली आहे. वृद्ध मुसलमानाचा आदर करणे हे अल्लाहचा गौरव करण्यातच मोडते, असे अबू मूसा अशअरी (रजि.) यांचे निवेदन आहे. तो आदर फुफी, खाला आणि नानी यांनाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यात सागाचा भाव करताना प्रत्येकजण लाकूड जून आहे ना, हे आधी पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र हिशोब उलटा होतो.

केस पिकण्याचा आणखी एक अर्थ कुरआनच्या भाष्यकारांनी सांगितला आहे, आणि माझ्या मते या निर्णयाचा गाभा तेथे आहे. सूरह फातिरच्या ३७ व्या आयतीत नरकवासीयांना विचारले जाईल की, बोध घेण्याइतके आयुष्य तुम्हाला दिले नव्हते काय, आणि सावध करणाराही तुमच्याकडे आला होता. हा सावध करणारा म्हणजे प्रेषित, हा अर्थ आहेच, पण काही पूर्वसूरींनी त्यापासून पांढरे केस असाही अर्थ घेतला आहे. इमाम बुखारींनी (रह.) एका प्रकरणाच्या शीर्षकात तो नोंदवला आहे. सूरह रूममध्ये दुर्बलता, मग सामर्थ्य, मग पुन्हा दुर्बलता आणि केसांचे पिकणे, हा क्रम अल्लाहने आपली निर्मिती म्हणून सांगितला आहे. मेहंदी लावणाराही हा निरोप वाचू शकतो, ह. अबू बक्र (रजि.) यांच्याहून तो अधिक कोणी वाचला असेल? पण दर तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरी रेघ दिसताच ज्याला धडकी भरते, त्याने ती धडकी कशाची आहे, हे स्वतःला एकदा विचारावे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, केशकर्तनालये बंद झाली, रमजान आणि ईद घरातच गेली आणि राज्यात ती दुकाने २८ जूनला उघडली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्या तीन महिन्यांत अनेकांनी आरशात स्वतःचा खरा भांग बऱ्याच वर्षांनी पाहिला. काहींनी तो तसाच ठेवला. दुकाने उघडताच धावत गेलेलेही बरेच होते.

राहिल्या व्यावहारिक बाबी. केसांत मुरलेला रंग वुजू किंवा गुस्लला आड येत नाही, मात्र वाळलेल्या मेहंदीचा थर आधी धुवून काढावा. बाजारातील टिकाऊ काळ्या रंगांत बहुधा पॅराफेनिलिनडायअमीन हे रसायन असते. काहींना त्याने खाज, पुरळ, पापण्यांना सूज असा त्रास होतो. ‘काळी मेहंदी’ नावाच्या पुड्यांतही अनेकदा तेच मिसळलेले असते, कारण मेहंदीचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबूस असतो, काळा कधीच नसतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी तर शरीराला अपाय टाळण्याच्या शरीअतच्या नियमानेच थांबावे. रंग सोडल्यावर खांद्याखाली रुळणाऱ्या केसांतून तो पूर्ण निघून जाण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि मधला दुरंगी काळच बहुतेकींना अवघड जातो. केस कापून तो काळ कमी करता येईल का, असे विचारले जाते. पुरुषांची नक्कल होणार नाही इतपत कापण्यास अनेक विद्वान परवानगी देतात. प्रेषितांच्या (स.) पत्नी केस आखूड करीत, असे मुस्लिममध्ये निवेदन आहे. काझी इयाज (रह.) यांच्या मते ही त्यांच्या निधनानंतरची गोष्ट आहे.

त्या भगिनीने शेवटी मधला मार्ग निवडला. दुरंगी काळ सरेपर्यंत साधी मेहंदी, त्यानंतर पांढरे ठेवायचे की तांबूस, हे तेव्हा ठरवायचे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मेहंदी भिजवली, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनीही त्याच वाटीतली थोडी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगितली.