नंबरचा गॉगल आणि घाटाचा उतार

चष्म्याच्या दुकानात ‘सवय होईल’ हे वाक्य इतक्या सढळ हाताने दिलं जातं की बिलात त्याचं वेगळं कलम लावायला हरकत नाही. साध्या चष्म्याच्या बाबतीत ते बहुतेकदा खरंही ठरतं. सायकलवर घालायच्या, कानशिलापर्यंत वळलेल्या नंबरच्या गॉगलच्या बाबतीत मात्र ते अर्धंच खरं आहे. कशाची सवय होते आणि कशाची होत नाही, हे मला उशिरा आणि फिरून फिरून कळलं. तुम्हाला तेवढे फेरे पडू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा 4, सिलिंडर नाही. बरीच वर्षं साधाच चष्मा घालून सायकल चालवली. पण पुण्याबाहेर पडलं की ट्रकमागची धूळ, तिन्हीसांजेची चिलटं आणि उतारावर डोळ्यांतून वाहणारं पाणी, याला त्या चष्म्याकडे उत्तर नव्हतं. कॉन्टॅक्ट लेन्स माझ्या कोरड्या डोळ्यांना मानवत नाहीत. तेव्हा वळणदार फ्रेम घेतली आणि तिच्यात नंबरच्या काचा बसवून घेतल्या. दुकानातल्या स्टुलावर ताठ बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचली, वाचता आली, पैसे दिले.

गंमत सायकलवर बसल्यावर सुरू झाली. हँडलबारची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली दिसत होती. मान वळवली की रस्ता क्षणभर उशिरा वळायचा. कडेची पांढरी पट्टी थेट बघितली तर सरळ, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली तर पोटात फुगलेली. सगळ्यांत त्रासाची गोष्ट म्हणजे समोरचा काळा डाग खड्डा आहे की डांबराचं ठिगळ, हे अगदी जवळ जाईपर्यंत ठरत नसे. दुकानात परत गेले. ‘मॅडम, नवीन फ्रेम आहे, घालत राहा, सवय होईल.’ घालत राहिले. मग बोपदेव घाटातून कोंढव्याकडे उतरताना एका वळणावर कडेची खडी मला हातभर लांब वाटली आणि पुढचं चाक तिच्यातच गेलं. बोटं ब्रेकवर होती, वेग बेताचा होता, म्हणून सायकल नुसती तिरकी होऊन थांबली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवलं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. साध्या फ्रेमच्या काचा चेहऱ्यासमोर जवळजवळ सपाट उभ्या असतात. सायकलच्या गॉगलमध्ये प्रत्येक काच कानाच्या दिशेने 15 ते 25 अंश मागे वळलेली असते, शिवाय तिची स्वतःची गोलाईही जास्त असते. डोळे तपासताना मात्र ट्रायल फ्रेममधली भिंगं डोळ्यांसमोर सरळ उभी असतात. तोच नंबर तिरक्या काचेत घातला की डोळ्याला वेगळाच नंबर मिळतो. वजा 4 ची काच 20 अंशांनी वळवली, तर मूळ नंबर वाढतो जेमतेम 0.15 ने, पण कागदावर कधीच नसलेला साधारण अर्ध्या नंबराचा सिलिंडर फुकटात पदरी पडतो. साध्या फ्रेमच्या 5 अंशांच्या वळणात हाच सिलिंडर इतका नगण्य असतो की कुणी त्याचा विचारही करत नाही. त्यात भर म्हणजे तिरक्या काचेतून प्रकाश थोडा बाजूला सरकतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकाच जागी रोखून धरायला जास्त ताण घ्यावा लागतो. नंबर जितका जास्त आणि वळण जितकं जास्त, तितकी ही भेसळ वाढते.

यावर इलाज आहे आणि तो जुनाच आहे. फ्रेमच्या वळणाचा कोन, काचेचा खालच्या बाजूचा कल आणि काच व डोळा यांतलं अंतर मोजून लॅबला कळवायचं. लॅब तेवढी वजाबाकी करून काच घडवते. अशी काच दुकानातल्या मशीनखाली ठेवली तर आकडा डॉक्टरांच्या कागदाशी जुळत नाही, आणि तो जुळता कामा नये. माझ्या पहिल्या गॉगलच्या काचा मशीनवर बरोबर वजा 4 दाखवत होत्या. दुकानदार तेच अभिमानाने दाखवत होता आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. दुसऱ्या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी कोन मोजून पुन्हा काचा करवून घेतल्या. मागणी करताना म्हणूनच दोन्ही आकडे मागून घ्या: डोळ्याला मिळणारा नंबर आणि काचेत घातलेला नंबर. लॅब ते छापील चिठ्ठीवर देते. ‘असं काही नसतं’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून दुसरं दुकान गाठावं.

आता सवयीबद्दल. मेंदू या कामात विलक्षण हुशार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी 1890 च्या दशकात जग उलटं दाखवणारं भिंग आठ दिवस डोळ्यावर बांधून ठेवलं होतं, आणि हळूहळू त्यांचे हातपाय त्या उलट्या जगात नीट चालू लागले. पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असले चष्मे घालून लोकांनी चक्क सायकल चालवली. तेव्हा फुगलेल्या चौकटी, जवळ किंवा लांब भासणारी जमीन, मान वळवल्यावर डोलणारा रस्ता, या सगळ्याचा हिशेब मेंदू नव्याने मांडतो. बहुतेकांना काही दिवस ते दोन आठवडे पुरतात. माझ्या नव्या काचांतही कडेची पट्टी सुरुवातीला फुगायचीच. मग कधीतरी ती फुगायची थांबली. नेमकी कधी, ते लक्षातही आलं नाही.

समोर थेट बघताना दिसणारा धूसरपणा मात्र मेंदूला पुसता येत नाही. अक्षरांना एका बाजूने सावली, एकाच्या दोन वस्तू, रोज भुवयांमागे ठणकणं, एका डोळ्याला लख्ख आणि दुसऱ्याला मळकट, यातलं काहीही असलं तर चूक काचेत आहे, तुमच्या चिकाटीत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. उभ्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईल इतक्या लांब उभं राहा, एकेक डोळा झाका आणि आधी नेहमीच्या चष्म्यातून, मग गॉगलमधून वाचा. साध्या चष्म्यात स्पष्ट असलेला आकडा गॉगलच्या मधोमधूनही पसरट दिसत असेल, तर सवयीची वाट बघू नका, दुकानाची वाट धरा.

सवय करायची ती घरातून. आधी गॉगल लावून स्वयंपाकघरात वावरा, भाजी चिरा, जिना उतरा. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. जिन्याची पायरी जिथे दिसते तिथेच पाय पडू लागला की सोसायटीच्या आवारात सायकल काढा. मग पहाटेचा मोकळा रस्ता, मग रहदारी. घाटाचा उतार अगदी शेवटी. ताशी 40 किलोमीटर वेगाला सायकल सेकंदाला 11 मीटर जाते, आणि खड्डा ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला तर तो चाकाखाली आलेला असतो. सुरुवातीच्या दिवसांत दर तासाला गॉगल आणि चष्मा यांची अदलाबदल करू नका, मेंदूचा हिशेब त्याने विस्कटतो. एकदा बसला की दोन्हींत जा-ये करता येते. वळणावर आणि मागे बघताना नुसते डोळे फिरवण्याऐवजी मान फिरवायची खोड लावून घ्या, म्हणजे नजर काचेच्या मधल्या, निर्दोष भागातून जाते.

नजर कुठून जाते, हा मुद्दा दुकानात कुणाच्याच लक्षात येत नाही. माप स्टुलावर ताठ बसवून घेतात. रोडबाइकवर वाकून बसलं की मान वर उचलावी लागते आणि आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो. काचेचा मध्यबिंदू तुमच्या त्या नजरेसमोर आला पाहिजे. म्हणून मापाच्या वेळी पुढे वाका, हँडल धरल्यासारखे हात ठेवा आणि त्या स्थितीत बुबुळासमोर काचेवर खूण करायला सांगा. अवघडल्यासारखं होतं, पण त्याने जितका फरक पडतो तितका महागड्या कोटिंगने पडत नाही. चाळिशी लागलेल्यांनी प्रोग्रेसिव्ह काचांचा मोह टाळावा. त्यांच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो आणि चाकापुढचा रस्ता नेमका तिथूनच धूसर दिसतो. दूरचा एकच नंबर बरा. मोबाइल वाचायचा असेल तर थांबून वाचावा.

बाकीचं थोडक्यात. काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची घ्या, खडा उडाला तर फुटायला नको. पॉलिकार्बोनेटमध्ये कडेला दिव्यांभोवती रंगीत झालर दिसते, ट्रायव्हेक्समध्ये कमी. ऊन-सावलीनुसार रंग बदलणारी काच पुन्हा पारदर्शक व्हायला काही मिनिटं घेते, त्यामुळे भर उन्हातून कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताना वेग कमी करा. नंबर मोठा असेल किंवा सिलिंडर बराच असेल, तर साध्या गॉगलच्या आत अडकवायची नंबरची छोटी जोडकाच बघा. ती कमी वळलेली असल्याने दृष्टी बरीच सरळ मिळते. पावसाळ्यात चढावर ती वाफेने भरते आणि पापण्या घासतात, पण जगाचा आकार तरी जागच्या जागी राहतो.

आणि गॉगलचं माप द्यायला जाताना हेल्मेट बरोबर न्या. ते डोक्यावर घातलं की पुष्कळदा फ्रेम नाकावरून खाली ढकलली जाते आणि बिनहेल्मेटचं घेतलेलं माप तिथेच फुकट जातं.