निनादला, ऑपरेशनच्या आधी

चि. निनाद यास,


हर्नियासाठी सकाळी जायचं नि संध्याकाळी घरी यायचं, म्हणून ऑफिसात एकाच दिवसाची रजा टाकलीस असं ताई म्हणाली. रजा वाढव. डे-केअरमध्ये हॉस्पिटलातला मुक्काम कमी होतो, ऑपरेशन लहान होत नाही. पूर्वी जी रात्रभराची देखरेख आम्ही नर्स करायचो, ती आता घरच्यांच्या अंगावर येते.

मुख्य सांगायचं ते खाण्याचं. ‘रिकाम्या पोटी कसा जाशील’ म्हणत ताई पहाटे शिरा, निदान अर्धा कप चहा तरी पुढे करील. घेऊ नकोस. भुलीत खोकून घसा मोकळा करण्याची शुद्ध राहत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसांत गेलं तर जिवावर बेततं. साधारण नियम असा, की तळलेलं-जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास आधी आणि नुसतं पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा खाण्यात मोडतो. एकादशीला चालतं ते इथे चालत नाही. तुझ्या हॉस्पिटलने वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळ. आणि चुकून काही पोटात गेलंच तर लपवू नकोस. ऑपरेशन पुढे जाईल, थोडी बोलणी बसतील, एवढंच. ‘काहीच खाल्लं नाही’ म्हणणाऱ्यांच्या ओठांवर पोह्यांची हळद पाहिली आहे मी थिएटरच्या दारात.

भूलतज्ज्ञांपुढे शहाणा मुलगा बनू नकोस. सिगारेट, दारू, घोरणं, हलणारा दात, औषधांची ॲलर्जी, चालू असलेले काढेसुद्धा, सगळं सांग. ताईसमोर सिगारेटचं सांगता येत नसेल तर तिला पाणी आणायला पाठव. रोजची कुठली गोळी त्या सकाळी घ्यायची नि कुठली थांबवायची, तेही त्यांनाच विचार. मनाने काही करू नकोस.

जांघेतले केस घरी रेझरने काढू नकोस. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. गरज पडली तर तिथे क्लिपर असतो. नाव काय, कुठली बाजू, हे दहा जण विचारतील. वैतागू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ही उजळणी जगभरच्या थिएटरांना घालून दिली, ती चुकीच्या बाजूला सुरी लागू नये म्हणूनच. संमतिपत्र मराठीत माग आणि वाचून सही कर. विम्याच्या कॅशलेसची मंजुरी आधीच घेऊन ठेव. त्या दिवशी काउंटरवर ताईला उभं करू नकोस.

कमरेतून भूल दिली तर नंतर पाय काही तास जड राहतील, लघवीही अडू शकते. ती झाल्याशिवाय निघायची घाई नको. चोवीस तास स्कूटर नाही, आणि घराच्या कागदांवर सह्याही नाहीत. पट्टी रक्ताने भिजली, लघवी तुंबली, ताप भरला किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. रात्री कुणाला करायचा, तो नंबर निघण्यापूर्वी कागदावर घे. ताईला तुझ्या मोबाइलचं कुलूप उघडत नाही.

तिच्या गुडघ्यांना तुला आधार देऊन उठवणं झेपायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी मिरजेहून मीच निघते. माझं अंथरूण मात्र खाली घालू नका, मलाही जमिनीवरून उठवत नाही.

तुझी,
मावशी